मॅक्रो अडला की 'एंड' दाबू नका: एक्सेलमधल्या मॅक्रोची चूक शोधण्याची पद्धत

एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, मध्येच अडला की एक चौकट उघडते. तिच्यात 'रन-टाइम एरर', पुढे एक नंबर, खाली एक इंग्रजी वाक्य आणि 'एंड', 'डीबग' अशी बटणं असतात. बहुतेक ऑफिसांत हात आपसूक 'एंड'वर जातो, फाइल बंद करून पुन्हा उघडली जाते आणि मॅक्रो पुन्हा तिथेच अडतो. 'एंड' दाबलं की त्या क्षणी मॅक्रोच्या स्मरणात असलेली प्रत्येक किंमत पुसली जाते, म्हणजे आपण तपासाचा पुरावाच नष्ट करतो. म्हणून पहिली सवय लावायची ती 'डीबग' दाबायची. ते बटण पुसट दिसत असेल, तर कोडला पासवर्ड लावलेला आहे. तो ज्याच्याकडे असेल त्याला आधी गाठा.

चौकट दाखवून थांबणारा मॅक्रो आपल्याला मदतच करत असतो. खरी भीती बाळगावी ती काही न बोलता चुकीचे आकडे लिहून जाणाऱ्या मॅक्रोची. या लेखात दोन्ही आहेत, पण दुसऱ्या प्रकारावर मी जास्त थांबणार आहे, कारण त्यात लोकांचे पैसे इकडचे तिकडे होतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक फाइल डोळ्यांसमोर ठेवू या. एका पतसंस्थेची कर्जहप्त्यांची वर्कबुक आहे. तिच्यात सभासदांची यादी, प्रत्येक सभासदाची वेगळी शीट आणि बँकेकडून येणारं सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलचं) स्टेटमेंट वाचून जमा रकमा त्या त्या शीटवर टाकणारा मॅक्रो आहे.

हात लावण्याआधी

फाइलची प्रत करा आणि पुढचं सगळं प्रतीवरच करा. मॅक्रोने शीटमध्ये बदल केले की 'अनडू'ची यादी रिकामी होते, कंट्रोल-झेड दाबून मागे येता येत नाही. फाइल उघडताच मॅक्रो आपोआप सुरू होत असेल, तर एक्सेलच्या 'ओपन'मधून ती उघडताना शिफ्ट की दाबून धरा. सुरुवातीचा कोड चालत नाही आणि शांतपणे आत डोकावता येतं.

मॅक्रो सुरूच होत नसेल तर

आधी फाइलचं एक्स्टेंशन बघा. एक्सएलएसएक्स प्रकारच्या फाइलमध्ये मॅक्रो राहूच शकत नाही. सेव्ह करताना एक्सेल तसं विचारतं, घाईत 'येस' दाबलं जातं आणि कोड कायमचा जातो. मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएम किंवा एक्सएलएसबी या प्रकारातच ठेवा. जुनं एक्सएलएसही चालतं.

फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी आली, तर 'एनेबल कंटेंट' दाबून काम होतं. लाल पट्टी आली तर मात्र तिथे तसं बटण नसतं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो आपोआप रोखण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लागू केला. ईमेलमधून किंवा ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलवर विंडोज 'बाहेरून आलेली' अशी खूण ठेवतं आणि एक्सेल ती खूण वाचतं. फाइल कोणी पाठवली हे नक्की ठाऊक असेल, तर ती बंद करा, तिच्यावर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'जनरल' टॅबच्या तळाशी असलेल्या 'अनब्लॉक'वर टिक करा आणि 'ओके' म्हणा. झिप फाइल असेल तर ती उलगडण्याआधीच अनब्लॉक करा, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलसाठी पुन्हा हेच करावं लागत नाही.

एक्सेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये, म्हणजे ट्रस्ट सेंटरमध्ये, 'सगळे मॅक्रो चालू द्या' असा पर्याय आहे. कोणी कितीही सांगितलं तरी तो निवडू नका. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच जगभर पसरला होता आणि तो रस्ता आजही वापरात आहे. रोजच्या कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर करा आणि तो 'ट्रस्टेड लोकेशन'मध्ये नोंदवा. 'डाउनलोड्स' हा फोल्डर तिथे कधीच नोंदवायचा नाही.

ब्राउझरमधल्या आणि मोबाइलमधल्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. गुगल शीट्समध्येही नाहीत, तिथे ॲप्स स्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावं लागतं. लिबरऑफिस काही भाग चालवतं, पण त्यावर विसंबून हिशेबाचं काम करू नये.

नवा कॉम्प्युटर आला आणि कालपर्यंत चालणारा मॅक्रो 'कम्पाइल एरर' देऊ लागला, तर दोन शक्यता आधी तपासा. संदेशात ६४-बिट आणि 'पीटीआर-सेफ' हे शब्द असतील, तर कोडमध्ये विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या 'डिक्लेअर' ओळी ३२-बिट काळातल्या आहेत. त्या ओळींमध्ये 'डिक्लेअर' शब्दानंतर 'पीटीआर-सेफ' घालावं लागतं आणि विंडोचे हँडल किंवा मेमरीतले पत्ते धरणारे व्हेरिएबल (कोडमध्ये किंमत साठवणाऱ्या नाव दिलेल्या जागा) 'लाँग-पीटीआर' करावे लागतात. संदेशात 'प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही' असं असेल, तर कोड एडिटरमध्ये 'टूल्स'मधून 'रेफरन्सेस' उघडा. यादीत एखाद्या नावापुढे 'मिसिंग' असं दिसेल. ती टिक काढा किंवा त्या लायब्ररीची या मशीनवर असलेली आवृत्ती निवडा. मजा अशी, की या अवस्थेत एक्सेल भलत्याच, अगदी साध्या ओळीवर बोट ठेवतं. 'लेफ्ट' किंवा 'डेट' यांसारख्या रोजच्या फंक्शनवर अडला, तर त्या ओळीशी झटापट करू नका, थेट रेफरन्सेस बघा.

पिवळी ओळ आणि तिच्या मागचा रस्ता

'डीबग' दाबल्यावर एडिटर उघडतो आणि एक ओळ पिवळी होते. तिथे मॅक्रो थांबला. चूक तिथेच असेल असं नाही, ती बहुतेक वेळा काही ओळी आधी होऊन गेलेली असते.

पिवळ्या ओळीतल्या प्रत्येक व्हेरिएबलवर माउस नेऊन थांबा, त्याची त्या क्षणीची किंमत दिसेल. मग कंट्रोल-जी दाबून 'इमिजिएट विंडो' उघडा. तिथे प्रश्नचिन्ह लिहून पुढे व्हेरिएबलचं नाव लिहा आणि एंटर करा, किंमत छापून येते. मजकुराच्या व्हेरिएबलची लांबीही 'लेन' वापरून विचारा. शीटचं नाव आठ अक्षरांचं दिसतंय आणि लांबी नऊ येतेय, म्हणजे शेवटी एक स्पेस चिकटली आहे. 'व्ह्यू' मेनूतली 'लोकल्स विंडो' सगळे व्हेरिएबल एकदम दाखवते. पुष्कळ व्हेरिएबल असलेल्या मॅक्रोत मी तिथूनच सुरुवात करेन.

एवढ्याने कारण कळलं नाही, तर मॅक्रो थांबवा आणि संशयित भागाच्या थोडं आधी, ओळीवर कर्सर ठेवून एफ९ दाबा. डावीकडे तांबडा ठिपका येतो. आता मॅक्रो चालवला की तो तिथे थांबेल. पुढे एफ८ दाबत एकेक ओळ चालवा आणि प्रत्येक ओळीनंतर किंमती बघा. लॅपटॉपवर यासाठी एफएन कीसुद्धा दाबावी लागते. एफ८ने चालवलेली ओळ खरोखर चालते, शीटमध्ये खरोखर लिहिते. प्रतीवर काम करा असं वर सांगितलं त्याचं हेही एक कारण.

दोन गोष्टी आजच करून टाका. प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या पानाच्या, पहिल्या ओळीत 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहा आणि 'डीबग' मेनूतून प्रोजेक्ट 'कम्पाइल' करा. ही ओळ नसेल तर 'रक्कम' ठेवलेल्या व्हेरिएबलचं स्पेलिंग एका जागी चुकलं, की एक्सेल तक्रार न करता त्याच चुकीच्या नावाचा नवा, रिकामा व्हेरिएबल बनवतं आणि हिशेबात शून्य धरतं. 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये 'रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन'वर टिक केली की नव्या मॉड्यूलमध्ये ही ओळ आपोआप येते. जुन्या मॉड्यूलमध्ये ती हातानेच घालावी लागते.

नंबर काय सांगतो

नंबर ९ म्हणजे मागितलेली वस्तू यादीत नाही. मॅक्रोने 'सभासद' नावाची शीट मागितली, कोणीतरी तिचं नाव बदललं, किंवा जी वर्कबुक उघडी हवी ती उघडीच नाही. ॲरेच्या, म्हणजे क्रमांक लावलेल्या किंमतींच्या यादीच्या, मर्यादेबाहेरचा क्रमांक मागितला तरी हाच नंबर येतो.

नंबर १३ म्हणजे प्रकार जुळत नाही. संख्येच्या जागी मजकूर आला, किंवा ज्या सेलची तुलना चालली आहे तिच्यात फॉर्म्युल्याची चूक बसली आहे. व्ही-लुकअपचं उत्तर न सापडल्याची खूण असलेल्या सेलला 'शून्यापेक्षा मोठी आहे का' असं विचारलं की हा नंबर आलाच. आधी 'इज-एरर'ने तपासून मगच तुलना करा.

नंबर ६ म्हणजे किंमत मावली नाही. मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे आणि तेव्हाचे नियम तिच्यात अजून टिकून आहेत. 'इंटिजर' प्रकारात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावते, तर २००७ पासून शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. ओळींचा क्रमांक धरणारा व्हेरिएबल नेहमी 'लाँग' ठेवा. इथे आणखी एक खाच आहे. कोडमध्ये थेट ३०० गुणिले २०० लिहिलं, तर उत्तर 'लाँग'मध्ये ठेवणार असलात तरीही नंबर ६ येतो, कारण दोन्ही संख्या 'इंटिजर' धरून गुणाकार होतो. आणि एका ओळीत दोन व्हेरिएबल जाहीर करून शेवटी एकदाच 'ॲज लाँग' लिहिलं, तर फक्त शेवटचाच 'लाँग' होतो. पैशांसाठी 'करन्सी' हा प्रकार वापरा. तो दशांशाची चार स्थानं अचूक धरतो, 'डबल'मध्ये होणारा पैशा-दोन पैशांचा फरक टळतो.

नंबर ९१ बहुधा 'फाइंड'मुळे येतो. शोधलेलं सापडलं नाही तर 'फाइंड' रिकामा हात परत करतं आणि पुढच्या ओळीत आपण त्या रिकाम्या हाताकडे ओळ क्रमांक मागतो. सापडलं की नाही हे आधी विचारा. शिवाय 'पूर्ण सेल जुळावी' की 'काही भाग जुळला तरी चालेल' ही निवड 'फाइंड' मागच्या वापरावरून लक्षात ठेवतं. कोणीतरी हाताने कंट्रोल-एफ करून ती बदलली की मॅक्रोचं उत्तरही बदलतं. ही निवड कोडमध्ये दर वेळी स्पष्ट लिहा.

नंबर १००४ सगळ्यांत जास्त छळतो, कारण तो अनेक कारणांना एकच नाव देतो. माझा तपासणीचा क्रम असा: शीट प्रोटेक्ट केलेली आहे का, सेल मर्ज केलेल्या आहेत का, नव्या शीटचं नाव ३१ अक्षरांपेक्षा लांब आहे का, किंवा त्यात तिरकी रेघ आहे का. तारखेवरून शीटला नाव देणारे मॅक्रो या तिरक्या रेघेवरच अडतात. मग बघायचं ते 'रेंज' आणि 'सेल्स' यांच्याआधी शीटचं नाव लिहिलेलं आहे का. बाहेरच्या 'रेंज'ला 'वसुली' शीट सांगितली आणि आतल्या 'सेल्स'ना काहीच सांगितलं नाही, तर सर्वसाधारण मॉड्यूलमध्ये आतल्या सेल त्या क्षणी समोर असलेल्या शीटच्या धरल्या जातात. 'वसुली' शीट समोर उघडी असताना मॅक्रो चालतो, दुसरी उघडी असताना अडतो. 'माझ्याकडे चालतं, तुमच्याकडे का नाही' या वादाचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

फिल्टर लावल्यावर एकही ओळ उरली नाही तरी 'स्पेशल सेल्स' १००४ देतं. आणि वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमध्ये फाइल असेल, तर 'धिस-वर्कबुक'चा पाथ वेबपत्ता म्हणून येऊ शकतो. मग त्या पाथवर फाइल शोधणारं 'डिर' अडतं, बहुधा ५२ नंबरवर.

नंबर न देणाऱ्या चुका

'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ मॅक्रोच्या सुरुवातीला दिसली, तर बाकी सगळं सोडून आधी तिच्याकडे वळा. तिचा अर्थ, चूक झाली तरी पुढच्या ओळीवर जा. चौकट यायची बंद होते म्हणून पुष्कळ जण ती घालतात. आपल्या पतसंस्थेच्या फाइलमध्ये काय होईल ते बघा. मॅक्रो एकेका सभासदाची शीट उचलतो आणि जमा रक्कम तिच्यावर लिहितो. एका सभासदाची शीट सापडली नाही. चूक गिळली गेली, शीट धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या सभासदाची शीट तशीच राहिली आणि दुसऱ्याचा हप्ता त्याच्या खात्यावर चढला. एकूण बेरीज बरोबर येते, त्यामुळे महिनाअखेरीलाही कळत नाही.

याहून वाईट म्हणजे 'इफ'च्या अटीतच चूक झाली, तर 'रिझ्यूम नेक्स्ट' पुढच्या ओळीवर, म्हणजे 'इफ'च्या आत शिरतो. अट खरी ठरली नसताना ती खरी असल्यासारखं काम होतं. थकबाकी नसलेल्या माणसाला थकबाकीची नोटीस जाऊ शकते ती अशी. ही ओळ वापरायचीच असेल तर एका ओळीपुरती वापरा, लगेच 'ऑन एरर गोटू शून्य' लिहा आणि वस्तू मिळाली का ते तपासा. लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात, शीट उचलण्याआधी व्हेरिएबल 'नथिंग', म्हणजे रिकामा, करून घ्या.

दुसरी गप्प चूक रकमेची. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये १,२५,००० हा मजकूर म्हणून आला आणि कोडमध्ये मजकुराची संख्या करणारं 'व्हॅल' वापरलं असेल, तर उत्तर १ येतं, कारण 'व्हॅल' पहिल्या स्वल्पविरामावर थांबतं. सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि चौकट येत नाही. 'सी-डबल' स्वल्पविराम ओलांडून पूर्ण संख्या वाचतं आणि मजकूर संख्येसारखा नसेल तर नंबर १३ देऊन थांबतं. ते थांबणंच आपल्याला हवं आहे. वेबवरून आलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस असते, ती 'ट्रिम'ने जात नाही. 'रिप्लेस'ने काढावी लागते.

तिसरी चूक तारखेची, आणि भारतातल्या वापरणाऱ्यांना ती हमखास भेटते. सीएसव्ही फाइल हाताने उघडली की विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे दिवस-महिना-वर्ष असं वाचलं जातं. तीच फाइल मॅक्रोने उघडली की अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी. ०५/०४/२०२५ हा ५ एप्रिल असतो, तो ४ मे होतो. १२ च्या पुढचे दिवस महिना म्हणून बसत नाहीत, म्हणून ते मजकूर राहतात. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हेच झालं आहे. उपाय सोपा आहे. वर्कबुक उघडणाऱ्या आज्ञेत 'लोकल' हा पर्याय 'ट्रू' करा.

ओळी काढून टाकणारा लूप वरून खाली चालवला, तर लागोपाठच्या दोन ओळींपैकी दुसरी सुटते. तो शेवटच्या ओळीपासून वर चालवा.

मॅक्रो अर्धवट थांबल्यावर 'आता शीट आपोआप काहीच करत नाही' अशी तक्रार असते. मॅक्रोने सुरुवातीला 'एनेबल इव्हेंट्स' बंद केलेलं असतं आणि ते पुन्हा सुरू करणाऱ्या ओळीपर्यंत तो पोचलेला नसतो. इमिजिएट विंडोमध्ये 'ॲप्लिकेशन'चं 'एनेबल इव्हेंट्स' = 'ट्रू' असं लिहून एंटर करा. 'कॅल्क्युलेशन'ही 'मॅन्युअल'वर अडकलेलं असू शकतं. ते तसंच राहिलं तर उघड्या असलेल्या इतर वर्कबुकांतले आकडेही शिळे दिसतात.

मराठी मजकूर असेल तर

व्हीबीएचा एडिटर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, जाणत नाही. कोडमध्ये देवनागरीत 'थकबाकी' लिहिलंत की प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून लागणारे मराठी शब्द एका वेगळ्या शीटवर सेलमध्ये लिहून ठेवा, हवं तर ती शीट लपवा, आणि कोडने ते तिथून वाचावेत. शीटचं नावच मराठीत असेल, तर एडिटरमध्ये एफ४ दाबून दिसणारं तिचं अंतर्गत नाव वापरा. ते टॅबवरच्या नावापेक्षा वेगळं असतं आणि टॅबचं नाव कोणी बदललं तरी टिकतं. नंबर ९ चा मोठा भाग यानेच संपतो.

मेसेज बॉक्स आणि इमिजिएट विंडो मराठी मजकूर प्रश्नचिन्हांतच दाखवतात. त्यावरून डेटा बिघडला असं समजू नका. अक्षराचा क्रमांक 'एएससी-डब्ल्यू'ने विचारा. 'क'साठी २३२५ आलं तर मजकूर शाबूत आहे. संदेश मराठीत दाखवायचा असेल तर यूजर-फॉर्मवरच्या लेबलमध्ये दाखवा.

नावं जुळवताना एक खास अडचण येते. 'वऱ्हाडे' किंवा 'गोऱ्हे' यांतला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एकात २३५३ क्रमांकाचा 'ऱ' आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा २३५२ क्रमांकाचा 'र', मग २३८१ क्रमांकाचा हलन्त आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, मॅक्रोला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. तुलना करण्याआधी दोन्हीकडचं दुसरं रूप 'रिप्लेस'ने पहिल्यात बदलून घ्या. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर तर मुळात वेगळ्याच अक्षरांचा असतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो. या सगळ्यावर पक्का इलाज म्हणजे नावावरून जुळवणी करूच नये, सभासद क्रमांकावरून करावी.

दुरुस्ती झाल्यावर

मॅक्रो चौकट न दाखवता शेवटपर्यंत गेला, एवढ्यावर समाधान मानू नका. ज्या महिन्याचा हिशेब तपासून झाला आहे त्याचं स्टेटमेंट प्रतीवर चालवा. एकूण बेरीज तर जुळवाच, शिवाय यादीतला पहिला, शेवटचा आणि मधले काही सभासद हाताने तपासा. मग मुद्दाम खोडा घाला: एका शीटचं नाव बदला, एका सेलमध्ये रकमेऐवजी शब्द लिहा, रिकामं स्टेटमेंट द्या. या तिन्ही वेळी मॅक्रो स्पष्ट कारण सांगून थांबायला हवा.

त्यासाठी मॅक्रोच्या सुरुवातीला 'ऑन एरर गोटू' लिहून चूक झाल्यावर शेवटच्या भागात पाठवा. त्या भागात, चूक झाली असेल तर, आधी एररचा नंबर, वर्णन आणि कोणत्या ओळीवर काम चाललं होतं ते एका नोंद शीटवर लिहा, मग इव्हेंट्स आणि कॅल्क्युलेशन पूर्ववत करा. नोंद आधी लिहायची, कारण पुढे दुसरी चूक झाली तर पहिलीचा तपशील हातातून जाऊ शकतो. मॅक्रो नीट संपला तरी तो याच भागातून बाहेर पडला पाहिजे.

तरीही सुटलं नाही आणि कोणाची मदत घ्यायची असेल, तर नंबर, संदेशाचं पूर्ण वाक्य, पिवळी झालेली ओळ, तिच्यातल्या व्हेरिएबलच्या किंमती, एक्सेलची आवृत्ती आणि ते ३२-बिट आहे की ६४-बिट एवढं लिहून द्या. सोबत फाइल देताना चूक ज्यामुळे दिसते तेवढ्याच ओळी ठेवा. नावं बदला, खाते क्रमांक, आधार आणि पॅन क्रमांक काढा. लपवलेल्या शीटही उघडून बघा, कारण सभासदांची मूळ यादी पुष्कळदा तिथेच राहून जाते.